ज्येष्ठांच्या खोलीत एअर प्युरिफायर नीट कसा लावायचा: घरात हृदयाचा पेशंट असेल तर हा क्रम पाळा

गेल्या दोन हिवाळ्यांत मी ओळखीपाळखीत निदान दहा-बारा घरांत प्युरिफायर बघितले, बहुतेक सगळे कुणाची तरी अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास झाल्यावर आणलेले, आणि जवळपास सगळे चुकीच्या जागी. मशीन हॉलमध्ये टीव्हीशेजारी, गॅलरीचं दार सताड उघडं, स्पीड ऑटोवर, संध्याकाळी दोन तास चालू. आणि ज्यांच्यासाठी ते आणलं ते आजोबा आतल्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावून झोपलेत. पैसे वाया जातात ते जाऊ दे, पण घरच्यांना वाटत राहतं की आपण काळजी घेतली आणि ते जास्त वाईट आहे.

आमच्याकडे बाबा ७४ वर्षांचे, दोन स्टेंट, बीपीच्या गोळ्या चालू. शेजारी बिल्डिंगचं काम सुरू झालं आणि खिडकीच्या कट्ट्यावर रोज पांढरी धूळ साचायला लागली तेव्हा आम्ही मशीन घेतलं, आणि यातल्या निम्म्या चुका आम्हीही केल्या. म्हणून क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, आधी घरातला धूर, मग खोली, मग मशीन, मग तास, मग बीपीची नोंद. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

एवढंच समजून घ्या की आपल्याला पकडायचेत ते बारीक कण, पीएम २.५ म्हणतात ते, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण फुप्फुसाच्या पार शेवटच्या टोकापर्यंत जातात, शरीरात सूज वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वर नेतात, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या वयामुळे आधीच कडक झाल्यात त्याला हा ताण जास्त पडतो. अमेरिकेत डेट्रॉइटला ज्येष्ठांच्या एका बिल्डिंगमधे ४० जणांवर चाचणी झाली होती, २०१८ मधे छापून आली, त्यात खोलीत फिल्टर तीन-तीन दिवस चालवल्यावर वरचं बीपी सरासरी ३ च्या आसपास उतरलं. ३ आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण तो गोळीच्या जोडीला मिळतो. मात्र ही चाचणी लहान होती, थोड्या दिवसांची होती, मशीन लावून हार्ट अटॅक टळतात असं त्यात मोजलेलंच नव्हतं. तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवा.

सावधान: मशीन आलं म्हणून एकही गोळी कमी करायची नाही, बंद करायची नाही. छातीत दाबल्यासारखं होणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, अचानक धाप, यातलं काही झालं तर मशीनचा स्पीड वाढवत बसू नका, १०८ ला फोन लावा.

## टप्पा १: आधी घरातला धूर शोधा

मशीन घ्यायच्या आधी एक आठवडा फक्त हे करा. शक्य असेल तर पीएम २.५ दाखवणारा छोटा मीटर मिळतो तो घ्या किंवा कुणाकडून चार दिवस मागून आणा. आम्ही मीटर ओट्यापासून लांब, बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. सकाळी आकडा (घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण, तो) ४० च्या आसपास होता. आईने आमटीला फोडणी दिली, मिरची तडतडली, आणि मधे पॅसेज असूनही पाच-सात मिनिटांत आकडा २०० च्या पुढे, आणि तो खाली यायला दीड तास लागला. बाहेरच्या धुळीला आम्ही शिव्या घालत होतो आणि दिवसातला सगळ्यात वाईट तास आमच्या स्वयंपाकघरातून येत होता.

आपल्या घरांत धुराच्या जागा ठरलेल्या असतात, एकेक घ्या.

फोडणी, तळण, तवा. एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी गॅस पेटवायच्या आधी चालू करा, स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. चिमणीचा पाइप खरंच भिंतीबाहेर जातो का ते बघा, कारण पाइप नसलेली चिमणी हवा जाळीतून फिरवून परत घरातच सोडते, तेल पकडते पण बारीक कण आणि गॅस बरेचसे तसेच राहतात. आणि स्वयंपाक चालू असताना ज्येष्ठांच्या खोलीचं दार लावून घ्या, या एका सवयीने आमच्याकडे जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नसेल.

मच्छरांची कॉइल. ही आजच बंद करा. २००३ मधे एक अभ्यास छापून आला होता, एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे बारीक कण सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात असं त्यात निघालं. आणि आपण ती रात्रभर हृदयाच्या पेशंटच्या पलंगाखाली ठेवतो. खिडक्यांना जाळी लावा, पलंगाला मच्छरदाणी लावा. मच्छरदाणीला काही ज्येष्ठ नाही म्हणतात, रात्री उठताना पाय अडकतो म्हणतात आणि ते खरंही आहे, मग खिडकीची जाळी जास्त नीट करा.

देवपूजा. इथे घराघरांत वाद होतात. आईला "अगरबत्ती बंद कर" असं सांगू नका, ते तिच्या श्रद्धेचं आहे आणि ती ऐकणारही नाही, उलट मशीनवरच राग धरेल. आमच्याकडे असं ठरलं की तुपाचं निरांजन देवघरात राहील, त्याची वात लहान ठेवायची, आणि अगरबत्ती-धूप गॅलरीत तुळशीपाशी लावायचा, दार ओढून. धूप सगळ्यात जास्त धूर करतो, कापूरही बराच करतो. देवघर ज्येष्ठांच्याच खोलीत असेल तर निदान धूप तरी दुसऱ्या जागी न्या.

झाडू. कोरड्या झाडूने उडालेली धूळ बराच वेळ हवेत राहते. ज्येष्ठ खोलीत नसताना झाडा, किंवा सरळ ओल्या फडक्यानेच पुसा.

बिडी-सिगारेट. घरात कुणीही ओढत असेल, अगदी गॅलरीत उभं राहूनही, तर कुठलंच मशीन त्याला पुरं पडत नाही.

तपासा: आठवड्याने रात्री झोपताना खोलीतला आकडा, तोच मीटर गॅलरीत धरून येणाऱ्या बाहेरच्या आकड्यापेक्षा जास्त येतोय का? येत असेल तर घरात अजून काहीतरी जळतंय, ते सापडेपर्यंत मशीन विकत घेऊ नका.

सावधान: गॅस गीझर आणि कोळशाची शेगडी यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि प्युरिफायर तो अजिबात काढत नाही. "आता मशीन आहे" म्हणून बाथरूमची खिडकी बंद ठेवणं किंवा थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवणं जिवावर बेतू शकतं.

## टप्पा २: एकच खोली निवडा, ती म्हणजे झोपायची

अख्खं घर स्वच्छ करायचा हट्ट सोडा. आपल्याकडे हॉल, पॅसेज, किचन सगळं एकमेकांत उघडं असतं, एवढी हवा एक मशीन धुवू शकत नाही. ज्येष्ठ माणूस रात्रीचे आठ तास आणि दुपारचे दोन-तीन तास पलंगावर असतो, म्हणजे दिवसातला सगळ्यात मोठा सलग वेळ त्याच खोलीत जातो. ती खोली धरा.

मग खोलीच्या फटी बघा. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून बाहेरचा उजेड कुठून आत येतो ते शोधा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कडेला फट असते, तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी लावा. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी मिळते, नाहीतर जुन्या चादरीची गुंडाळी करून ठेवा, फक्त ती रात्री उठणाऱ्याच्या पायात येणार नाही अशी, दाराच्या बाहेरच्या बाजूला. जुना विंडो एसी असेल तर त्याच्या चौकटीभोवती हात फिरवून बघा, वारा लागला तर तिथेही पट्टी.

खोली हवाबंद करायची नाहीये, तेवढं पक्कं लक्षात ठेवा, माणसाला ताजी हवा लागतेच. मोठ्या फटी तेवढ्या बुजवायच्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो, आणि त्याची जाळी पीएम २.५ पकडत नाही, त्यामुळे "एसी आहे ना, मग प्युरिफायर कशाला" हे बरोबर नाही. कूलरचं वेगळं आहे. विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात कूलर चालू असेल तर तो बाहेरची हवा सतत आत ढकलतो, त्या खोलीत प्युरिफायर चालवून काही उपयोग नाही आणि दमट हवेने फिल्टर खराब होतो. कूलरच्या दिवसांत मशीन बंद करून झाकून ठेवा.

सावधान: एप्रिल-मे मधे हवा वाईट आहे म्हणून ज्येष्ठांना खिडक्या बंद केलेल्या गरम खोलीत ठेवू नका. एसी नसेल तर खिडकी उघडा. उकाडाही हृदयावर ताण टाकतो, आणि त्यात अंगातलं पाणी लघवीवाटे कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीर आणखी लवकर सुकतं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा धुळीपेक्षा उष्णता मोठी.

## टप्पा ३: मशीन केवढं लागेल याचा हिशोब

खोक्यावर "४०० चौरस फुटांसाठी" असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, तो आकडा बऱ्याचदा तासाला एकदा-दोनदा हवा फिरेल या हिशोबाने काढलेला असतो आणि तोही फुल स्पीडला. तुम्ही बघायचा तो सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मशीन देतं तो आकडा.

हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ७ ने भागा. त्याने तासाला साधारण पाच वेळा हवा फिरेल एवढा सीएडीआर येतो. उदाहरणार्थ १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, भागिले ७, साधारण १७० घनमीटर ताशी.

आता मुख्य गोष्ट. १७० लागतं म्हणून १७० चं मशीन घेऊ नका, कारण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडला मशीन एवढं घोंघावतं की कुठलेही आजोबा ते रात्री बंद करतात. दुप्पट घ्या, ३०० ते ३५० चं, आणि मधल्या स्पीडला चालवा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, लहान मशीन स्वस्तात घेतात आणि मग आवाज नको म्हणून स्लीप मोडवर टाकतात, त्या मोडमधे हवा इतकी कमी येते की ते मशीन जवळपास बंद असल्यासारखंच.

घेताना बाकी काय बघायचं ते पटकन सांगतो.

फिल्टर खरा हेपा पाहिजे, म्हणजे बारीक कण पकडणारा दाट तंतूंचा, त्यावर एच १३ ही प्रत लिहिलेली असेल तर उत्तम. "हेपा टाइप", "हेपा सारखा" असं लिहिलं असेल तर सोडून द्या. आयन, प्लाझ्मा, ओझोन असली बटणं नसलेलं मशीन बघा, असतील तर ती कायमची बंद ठेवता आली पाहिजेत, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. कार्बन फिल्टर वासासाठी ठीक, त्यातून फार अपेक्षा नको. फिल्टर तुमच्या गावात किंवा ऑनलाइन सहज मिळतो का आणि केवढ्याला, ते मशीन घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही: लाइट जाऊन आली की मशीन आपोआप त्याच स्पीडला सुरू होतं का? रात्री दोनला लाइट गेली, अडीचला आली आणि मशीन सकाळपर्यंत बंदच, असं आपल्याकडे सर्रास होणार.

तपासा: दुकानात मशीन मधल्या स्पीडला चालवायला लावा आणि शेजारी उभं राहून हळू आवाजात बोलून बघा. शक्य असेल तर ज्येष्ठांनाच सोबत न्या, तो आवाज शेवटी त्यांनाच सहन करायचाय.

## टप्पा ४: बसवताना

पहिलं काम, मागचं किंवा बाजूचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा, आणि त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढा. हे वाचून कुणाला वाटेल एवढं काय सांगायचं, पण आमचं मशीन बसवायला आलेल्या माणसाने बटण दाबून दाखवलं, सही घेतली आणि गेला, आणि तीन आठवडे बाबा पिशवीत गुंडाळलेल्या फिल्टरसमोर झोपत होते. मीटरचा आकडा उतरेना म्हणून मी झाकण उघडलं तर आत फिल्टर चकचकीत, आणि पिशवीच्या तोंडाशी बारीक राखाडी कडा जमलेली. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की मी आधी ते झाकण उघडून बघतो, आत्तापर्यंत आणखी दोन घरांत पिशवी सापडलीय.

मग जागा. मशीन पलंगाच्या उशाकडच्या बाजूला, डोक्यापासून पाच-सहा फुटांवर, भिंतीपासून निदान एक फूट सुटं. पडद्यामागे नाही, पलंगाखाली नाही, कपाट आणि भिंतीच्या सांदीत नाही, हवा आत घ्यायची जाळी मोकळी पाहिजे. थेट तोंडावर झोत येऊ देऊ नका, ज्येष्ठांचे डोळे आणि घसा कोरडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन बंद. सीलिंग फॅन हळू चालू ठेवला तर चालतं, हवा फिरायला मदतच होते.

वायरकडे जास्त लक्ष द्या. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर वायर आडवी येता कामा नये. स्टेंट असलेल्या बहुतेकांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते, रात्री वायरीत पाय अडकून पडले तर साधा मारही महागात जातो. भिंतीच्या कडेने वायर नेऊन टेपने चिकटवा, आणि रात्री डोळ्यांवर येणारा मशीनचा दिवा बंद करा.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर दोन्हीमधे अंतर ठेवा, एकाची जाळी दुसऱ्याने झाकली जायला नको. प्युरिफायर ऑक्सिजन देत नाही, हे ज्येष्ठांना स्पष्ट सांगा. एका आजींनी "हे लावलंय ना" म्हणून कॉन्सन्ट्रेटर काढून ठेवला होता.

तपासा: दार-खिडक्या लावा, मशीन फुल स्पीडला एक तास चालवा, मीटर मशीनजवळ नाही तर उशीवर ठेवा. आकडा आधीच्या निम्म्याच्या खाली आलाच पाहिजे. नाही आला तर क्रमाने बघा, पिशवी, फट, उघडं दार, लहान मशीन. मीटर नसेल तर मशीनवरचा आकडा चालेल, पण तो मशीनच्या अगदी जवळची हवा दाखवतो म्हणून नेहमी खऱ्यापेक्षा थोडा कमी असतो. मुंबई-कोकणात दमट हवेत हे स्वस्त मीटर आकडा वाढवूनही दाखवतात, तिथे नेमका आकडा न बघता चालू करायच्या आधी किती होता आणि नंतर किती झाला तेवढंच बघा.

## टप्पा ५: किती तास, कुठल्या स्पीडला

झोपायच्या एक तास आधी दार लावून फुल स्पीड. माणूस खोलीत आला की मधला स्पीड, आणि तो सकाळपर्यंत तसाच. ऑटोवर टाकू नका, कारण मशीनचा सेन्सर स्वतःजवळची हवा स्वच्छ झाली की पंखा मंद करतो आणि पलंगाच्या पलीकडची हवा तशीच राहते. दुपारच्या झोपेलाही तसंच.

विजेची काळजी ज्येष्ठांना फार असते, त्यांना हिशोब करून दाखवा. ४० वॅटचं मशीन रोज १२ तास चाललं तरी महिन्याला १४-१५ युनिट होतात. बाबा पहिले आठ दिवस आम्ही झोपलो की गुपचूप बंद करायचे, आवाजाचं कारण सांगायचे, खरं कारण बिल होतं. कागदावर आकडेमोड करून दिली तेव्हा थांबले. आवाजच खरंच नको असेल तर पहिल्या चार रात्री सगळ्यात कमी स्पीडला ठेवा आणि रोज थोडा वाढवा, कान सरावतात.

खिडकी कधी उघडायची हे ठरवून टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंड हवा जमिनीलगत अडकते, म्हणून पहाट आणि सकाळ सगळ्यात वाईट, आणि पुण्यासारख्या ठिकाणी त्याच वेळी कुणीतरी पालापाचोळा जाळत असतं. दुपारी ऊन तापल्यावर हवा वर उचलली जाते तेव्हा आकडा उतरतो. मग एक ते चारच्या मधे पंधरा-वीस मिनिटं खिडकी उघडा, तेवढा वेळ मशीन बंद ठेवा, मग खिडकी लावून मशीन परत चालू करा. आपल्या घरांची सवय उलटी असते, सकाळी सहाला सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, ती हिवाळ्यापुरती बदला.

बाहेरचा आकडा बघायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएमचं सफर आहे. ते हवेचा निर्देशांक (एक्यूआय) दाखवतात, जितका जास्त तितकी हवा वाईट. निर्देशांक १०० च्या आत असेल तर फार विचार करू नका. २०० च्या पुढे गेला तर ज्येष्ठांचा मॉर्निंग वॉक दुपारच्या उन्हात न्या किंवा घरातच पॅसेजमधे चालवा, आणि बाहेर जायचंच असेल तर एन ९५ मास्क, साधा रुमाल बारीक कणांना अडवत नाही. ॲपमधला निर्देशांक आणि मीटरवरचा पीएम २.५ चा आकडा एकच नसतो, दोन्हींची तुलना करत बसू नका, खूप लोक इथे गोंधळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितलीय, भारताची ६० आहे. रात्रीच्या खोलीत ३० च्या आत आणा, १५ च्या आसपास टिकलं तर फारच छान.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी सहालाच खिडक्या लावा, मशीन फुलवर टाका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडे शेतात पाचट पेटवतात त्या दिवशीही हेच. पावसाळ्यात सलग पाऊस असताना हवा धुतली जाते, तेव्हा मशीन सरळ बंद ठेवलं तरी चालेल, फक्त फिल्टर दमट जागी ठेवू नका, बुरशी धरते.

सावधान: मशीन चालू करून दार उघडं ठेवायचं असेल तर चालूच करू नका. "आजींना दार बंद केलं की घाबरायला होतं" असं असेल तर दार अर्धं लोटा आणि मशीन एक पायरी वर न्या, आजींचा जीव घाबरा करून स्वच्छ हवा नको.

## टप्पा ६: बीपी लिहून ठेवा, पण नीट मोजून

प्युरिफायर लावायच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस बीपी मोजा. दंडावर बांधायचं बीपीचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाच्या मापाचा पट्टा लागतो, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं वर दिसतं.

सकाळी लघवी करून, चहा आणि गोळीच्या आधी. खुर्चीत पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं शांत. मोजताना बोलायचं नाही, आणि आपण शेजारी उभं राहून "किती आलं, किती आलं" करायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. रात्री झोपायच्या आधी परत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते वाढलेलं धरतात.

या काळात गोळ्या बदलल्या, मिठाचं प्रमाण बदललं, थंडी वाढली, तर तेही शेजारी लिहा, नाहीतर फरक मशीनचा की थंडीचा ते कळणार नाही. आमच्याकडे सुरुवातीला वहीत फक्त आकडे होते, डॉक्टरांनी विचारलं "या आठवड्यात झोप कशी होती", आणि कुणालाच आठवेना. आता एक रकाना झोपेचा, एक खिडकी-मशीनचा.

तपासा: फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका आणि मशीनही काढू नका, दोन-तीनचा फरक रोजच्या चढउतारात लपतो. पण सरासरी वाढलेली दिसली किंवा बीपी १८०/१२० च्या घरात एकदाही गेलं तर पाच मिनिटं बसवून परत मोजा, तेवढंच आलं तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर सरळ १०८.

## टप्पा ७: फिल्टरची निगा

बाहेरची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, दर पंधरा दिवसांनी काढून ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा, शेजारी बांधकाम असेल तर दर आठवड्याला. धुता येण्यासारखी असेल तर धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. आतला हेपा कधीच धुवायचा नाही, पाण्याने त्याचे बारीक तंतू चिकटतात आणि कण आरपार जातात. बऱ्याच घरांत कामवाल्या मावशींनी प्रेमाने तो साबणाने धुतलेला असतो, त्यांना आधीच दाखवून ठेवा कुठला धुवायचा आणि कुठला नाही.

मशीनचा "फिल्टर बदला" दिवा बहुतेक वेळा फक्त तास मोजतो, फिल्टर किती भरलाय ते त्याला कळत नाही. तुमच्या घराजवळ रस्त्याचं काम असेल तर त्याच्या आधीच भरेल. नवीन फिल्टर लावला त्या दिवशी एक तासात उशीवरचा आकडा कितीवरून किती आला ते मशीनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी तीच चाचणी करा. आकडा उतरायला दुप्पट वेळ लागायला लागला की बदला. जुना फिल्टर काढताना खिडकी उघडी, तोंडाला मास्क, ज्येष्ठ दुसऱ्या खोलीत, आणि फिल्टर न झटकता तसाच पिशवीत घालून तोंड बांधून कचऱ्यात. नवीन बसवताना टप्पा ४ मधली पिशवी परत आठवा, प्रत्येक नवा फिल्टर पिशवीतच येतो, आणि मग दिवा रिसेट करून तारीख लिहा.